खंड्याचे सुतक

माणूस गेला की घराला सुतक येते. ते किती दिवस पाळायचे, कोणी पाळायचे, घरात काय शिजवायचे, भेटायला कोणी कधी यायचे, हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहे. दुःखाला अशी एक चौकट असते, आणि त्या चौकटीचा आधार केवढा असतो हे ज्याच्या घरी असा प्रसंग येऊन गेला त्यालाच कळते. पण घरातले कुत्रे मेले तर? त्याचे सुतक नाही. त्याच्यासाठी रजेचा अर्ज नाही. त्याच्यासाठी शेजारून पिठले-भाताचे पातेले येत नाही. खड्डा खणायचा, मीठ टाकायचे, माती लोटायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचे, एवढीच काय ती रीत!

गेल्या आषाढात आमचा खंड्या गेला. मी दोन दिवस महाविद्यालयात आले नाही. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मैत्रिणींनी विचारले, "कुठे होतीस गं?" मी म्हणाले, "घरी जरा अडचण होती." त्यांनी खोदून खोदून विचारले तेव्हा खरे ते सांगितले. क्षणभर शांतता पसरली आणि मग कोणीतरी म्हणाले, "कुत्रंच ना? आम्हांला वाटलं, कोणी माणूस गेलं!" सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. सुटकेचा निःश्वास होता. त्याचा मला राग नाही. मला आजही बोचते ते वेगळेच. सगळ्यांबरोबर मीही हसले.

चहा संपला, घंटा झाली, तास सुरू झाला. माझे लक्ष मात्र फळ्याकडे नव्हते. ज्या जिवाने तेरा वर्षे मला पाहून एकदाही तोंड फिरवले नाही, त्याला मी एका कप चहाच्या अवधीत नाकारले होते. तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. लाज कशाची वाटावी आणि कशाची वाटू नये, याचा आपल्याकडे काहीतरी मोठा घोटाळा झाला आहे. मुक्या जनावरावर जीव लावल्याची आपल्याला लाज वाटते. त्याच्या बाबतीत केलेल्या हयगयीची मात्र वाटत नाही. हे नेमके उलटे व्हायला हवे. एवढेच सांगण्यासाठी हा लेख. आणि ते सांगायचे तर मला आमच्या समुद्राच्या तीन सहलींविषयी सांगावे लागेल. कारण खंड्याचे प्रेम आणि आमची हयगय, या दोन्हींची साक्ष त्या समुद्राकडेच आहे.

* * *

वास्तविक ही लाज आपल्या परंपरेतली नव्हे. महाभारताच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वात, पांडव हिमालयाच्या वाटेला लागतात. द्रौपदी पडते, एकामागून एक भाऊ पडतात, आणि युधिष्ठिराच्या मागे उरते ते एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला रथात जागा नाही म्हणतो. धर्मराज सांगतो की, जो माझ्या आश्रयाला आला त्याला सोडून मला स्वर्ग नको. एवढ्या प्रचंड ग्रंथात धर्माची शेवटची परीक्षा कुत्र्यावरून व्हावी, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात. आमच्या भागाचे दैवत असलेल्या खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रे धावते. आणि संत नामदेवांची गोष्ट तर आपण तिसरी-चौथीतच ऐकलेली असते. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून!

मग ही लाज आली कोठून? मला वाटते, कुत्रे पाळणे म्हणजे बंगल्यात राहणाऱ्यांचे चोचले, अशी आपली एक समजूत झाली. हौसेने प्राणी पाळणाऱ्यांची पु. ल. देशपांड्यांनी उडवलेली रेवडी ऐकून मराठी घरे पोट धरधरून हसली. आम्हीही हसलो आहोत. ते हसू मालकांच्या मिजाशीला होते, आणि ती मिजास हसण्याजोगीच असते. पण मिजाशीला हसता हसता आपण मायेलाही हसू लागलो. शेतावरच्या वस्तीत, धनगराच्या वाड्यात, मेंढरांच्या कळपामागे जे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या राबत आले, त्याच्यावरची माया कधीच चोचल्यांतली नव्हती.

आमच्याकडे तर चोचल्यांचा प्रश्नच नव्हता. मी पहिलीत असताना आजी पालच्या खंडोबाच्या यात्रेहून परत आली ती पदराखाली एक पिल्लू घेऊन. भंडारा उधळून घेतल्यासारखा त्याचा पिवळा रंग. बाबा म्हणाले, "हे कशाला आणलंस? उद्या सोडून येतो." आजी म्हणाली, "देवाच्या दारात सापडलंय. सोडायचं आसंल तर तू जाऊन देवाला सांग." बाबा देवाला सांगायला काही गेले नाहीत. पिल्लाचे नाव खंड्या पडले आणि ते राहिले. जात गावठी, खाणे भाकरी आणि ताक, झोपायची जागा पायरीखालचे पोते.

* * *

आमचे गाव कराड. गुहागरहून विजापूरला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. पूर्वेला गेले की विजापूरचा दुष्काळी मुलूख, आणि पश्चिमेला पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढे गुहागरचा समुद्र. तरी आमच्या घरातल्या कोणी समुद्र पाहिला नव्हता. मी आठवीत असताना जानेवारीत सव्वीस तारखेला जोडून सुट्टी आली, बाबांच्या मित्राची पांढरी जीप मिळाली आणि आम्ही निघालो. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ, मी आणि खंड्या. त्याला ठेवायला कोणी नव्हते, म्हणून बरोबर घेतले.

गुहागरचा समुद्र एकदम दिसत नाही. गावाचा रस्ता समुद्राला समांतर जातो, आणि मध्ये नारळी-पोफळींच्या वाड्या. त्या गार सावलीतून, पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकत चालत जावे, शेवटचे कुंपण ओलांडावे, आणि एकाएकी समोर काहीच नसावे. फक्त पाणी आणि आभाळ. आजी वाळूत मटकन बसली. पदर सावरीत म्हणाली, "एवढं पाणी, आन्‌ प्यायला थेंब न्हाई!"

खंड्याचे तर विचारूच नका. पहिली लाट आली तशी तो भुंकला. लाट मागे हटली. आपल्याला घाबरूनच ती पळाली असे त्याला वाटले आणि छाती काढून तो तिच्या मागे धावला. दुसरी लाट आली ती थेट अंगावर. शेपूट पायांत घालून तो आजीच्या मागे दडला. पुन्हा लाट मागे, पुन्हा हा पुढे. संध्याकाळपर्यंत त्याने अरबी समुद्राला कितीदा तरी हाकलून दिले. खारे पाणी चाटले, शिंकला, पुन्हा चाटले. त्याला कधी नावाने हाक न मारणारे, 'ए कुत्र्या' म्हणणारे बाबा त्या दिवशी हसत हसत ओरडत होते, "खंड्या, आली बघ! आली!" आमच्या घरातले सगळे एकाच वेळी, एकाच गोष्टीला हसले आहेत असे मला आठवणारे ते पहिले दृश्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. खंड्या बाहेर दोरी ओढीत कुंईकुंई करत होता. आईने आदल्या रात्री बजावले होते की त्याला एकटा सोडायचा नाही. पण बाहेर सगळे सुनसान होते. मी त्याला घेऊन किनाऱ्यावर गेले आणि दोरी सोडली. तो वाऱ्यासारखा सुटला, पार लांब गेला. मी पायांना पाणी लागेल अशी चालत राहिले. जवळ पोचले तेव्हा तो भरतीच्या रेषेच्या वर वाळू उकरत होता. त्याच्या तोंडाला पिवळे काहीतरी लागले होते. भोवती पांढरे, पिंग-पाँगच्या चेंडूएवढे, मऊ कवचाचे गोळे विखुरले होते. काही फुटलेले, काही अजून खड्ड्यात.

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक गृहस्थ भरभर येताना दिसले. हातात बादली, डोक्याला मफलर. ते तिथले कासवमित्र होते. रात्री समुद्रातून आलेल्या मादीच्या पावलांचा माग, ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला, शोधत शोधत ते येत होते. खंड्या त्यांच्याआधी पोचला होता.

मला वाटले, आता हे काठी उगारतील. ते काहीच बोलले नाहीत. गुडघ्यांवर बसले आणि मोजू लागले. फुटलेली ३४ निघाली. धड ७१. धड अंडी त्यांनी एकेक करून, न फिरवता, न हलवता, वाळू घातलेल्या बादलीत ठेवली. मी रडत रडत खंड्याला मारायला हात उचलला तेव्हा ते म्हणाले, "त्याला कशाला मारतेस? त्याला वास आला, त्यानं उकरलं. दोरी कोणाच्या हातात होती?"

ते वाक्य मी आजवर विसरलेली नाही.

मग त्यांनीच सगळे समजावून सांगितले. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवे. हिवाळ्यात मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्ले आपली आपण वाळूतून वर येतात आणि पाण्याकडे चालू लागतात. त्यांतली हजारात एखादीच मोठी होते असे म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण दिले. पण अंडी चोरणारा माणूस, कोल्हा आणि कुत्रा यांना कायदा वाचता येत नाही. म्हणून २००२ पासून मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले. ते पुढे किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरले. अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरायची आणि पिल्ले निघाली की पाण्याकडे सोडायची. कुंपण कशासाठी? तर मुख्यतः कुत्र्यांसाठी. आमच्या खंड्यासारख्या कुत्र्यांसाठी!

मार्चमध्ये त्यांचा बाबांना फोन आला. त्या घरट्यातली ५२ पिल्ले समुद्रात गेली होती. त्यांनी फोन करण्याची काहीच गरज नव्हती. आई म्हणाली, "बघ, तुला वाईट वाटत असेल म्हणून कळवलं." मी मात्र ३४ चा आकडा कधी विसरू शकले नाही. प्रेम आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली असली म्हणून दुसरी आपोआप येत नाही, हे मला त्या पहाटे कळले. मी खंड्यावर प्रेम करत होते, म्हणूनच दोरी सोडली होती. त्याच्यावरच्या प्रेमापोटी ती हातात धरून ठेवायला हवी होती.

* * *

दुसरी सहल मी बारावीची परीक्षा दिली त्या मे महिन्यातली. पुन्हा गुहागरच. या खेपेला उतरलो तिथे पाळीव प्राणी आणायला मनाई होती. तो नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांची जागा, त्यांचा नियम. दोष आमचा, कारण नियम ऐकून आम्हांला मनातून बरेच वाटले. जीपमध्ये ऐसपैस बसता येईल, त्याच्यामागे धावावे लागणार नाही. शेजारच्या काकूंकडे चार दिवसांचे पीठ आणि खंड्याची साखळी सोपवून आम्ही निघालो. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचे भुंकणे ऐकू येत होते.

त्याच रात्री काकूंचा फोन आला. खंड्याने गळ्यातला पट्टा तोडला होता आणि तो निघून गेला होता.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना हात जड होतो. आम्ही परत फिरलो नाही. बाबा म्हणाले, "खोल्यांचे पैसे भरलेत." आई म्हणाली, "भूक लागली की येईल घरी." भाऊ गप्प बसला. आणि मी? मीही म्हणाले, "कुठे जाणारेय तो?" एकट्या आजीने त्या रात्री ताटावरून अर्धी भाकरी तशीच उठवली. आम्ही तीन दिवस समुद्रात डुंबलो, आंबे खाल्ले, फोटो काढले. ते फोटो आजही आहेत. त्यांत आम्ही सगळे हसतो आहोत.

चौथ्या दिवशी परतलो. कराड जवळ आले तेव्हा पाटणच्या रस्त्याला ज्या पेट्रोल पंपावर जाताना डिझेल भरायला थांबलो होतो, तिथे भाऊ ओरडला, "बाबा, खंड्या!" पंपाच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या यंत्रापाशी, तो बसला होता. जीपच्या वासावर तिथपर्यंत आला होता. पुढचा माग त्याला लागला नसावा. पंपावरचा पोऱ्या म्हणाला, "तीन दिवस हालला न्हाई बघा. पांढरी जीप आली की उठतंय, ड्रायव्हर बघतंय, परत बसतंय. बिस्कीट टाकलं तर खातंय कधी, न्हाई कधी."

जपानमधल्या हाचिकोची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याचा मालक आपल्यासारख्यांना शिकवणारा प्राध्यापक होता, तोक्योच्या विद्यापीठात कृषिविषय शिकवीत असे. रोज संध्याकाळी शिबुया स्टेशनवर हाचिको त्याला आणायला जाई. १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक विद्यापीठातच वारले. हाचिको मात्र १९३५ मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षे, स्टेशनवर येत राहिला. लोकांनी त्याचा पुतळा उभारला तो त्याच्या हयातीतच, १९३४ साली. ही गोष्ट ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येते. पण हाचिकोचा मालक मेला होता. त्याला येता येत नव्हते. आम्ही जिवंत होतो. आम्हांला दीडशे किलोमीटरवरून चार तासांत येता येत होते. आणि आम्ही आंबे खात होतो.

खंड्या जीपकडे धावत आला, सगळ्यांची तोंडे चाटली, आणि आपल्या जागी, माझ्या पायांशी, बसला. जणू काही झालेच नाही. रुसणे त्याला कधी जमलेच नाही. ते जमले असते तर आम्हांला जरा बरे वाटले असते.

* * *

मित्रमैत्रिणींनो, हे सगळे घरगुती रामायण इथे मांडायचे कारण हे की, आमच्या घरात जे छोट्या प्रमाणावर घडले तेच समाजात मोठ्या प्रमाणावर घडते आहे. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू घेतले जाते. सैबेरियाच्या बर्फासाठी घडलेले हस्की विदर्भाच्या उन्हाळ्यात पंख्याखाली धापा टाकते. वर्षभराने हौस फिटते, बदली होते, घरमालक कटकट करतो, आणि एके दिवशी गाडीत घालून ते जनावर लांब कुठेतरी, घाटात किंवा एखाद्या बाजारपेठेत, सोडून दिले जाते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असे सोडून देणे हा गुन्हा ठरवलेला आहे. त्यात पहिल्या खेपेच्या गुन्ह्याला दंड किती लिहिला आहे? दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज दोन वडापाव आणि एक चहा येतो. जे समाजाला लाजिरवाणे वाटत नाही, त्याला कायद्यातही किंमत येत नाही.

कोणी म्हणेल, माणसांना खायला मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे कौतुक कसले सांगता? प्रश्न खोटा नाही. पण ज्याच्या मनात कुत्र्यासाठी जागा झाली त्याच्या मनातली माणसाची जागा कमी होते, हे मला पटत नाही. आमच्या आजीने खंड्याला भाकरी घातली म्हणून दारातला भिकारी कधी रिकाम्या हाताने गेला नाही. करुणेचा साठा डब्यातल्या साखरेसारखा मोजका नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भटक्या कुत्र्यांनी लहान मुलांना फाडल्याच्या बातम्या आपण वाचतो. ज्या आईचे मूल असे गेले तिच्यापुढे प्राणिप्रेमाचे व्याख्यान द्यायला माझी जीभ रेटणार नाही. जगात माणसाला होणाऱ्या रेबीजच्या शंभरातल्या नव्याण्णव घटना कुत्र्यांमुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण हाच रोग लसीने पूर्णपणे टाळता येतो. लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले ते १८८५ साली. त्याला १४० वर्षे होऊन गेली, आणि आजही आपल्या देशात माणसे कुत्रे चावून मरतात! २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून कोंडावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दिला, तेव्हा देशभर गदारोळ उठला. थोड्याच दिवसांत मोठ्या खंडपीठाने तो बदलला. पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळून बाकीची निर्बीजीकरण आणि लसीकरण करून होती तिथे सोडावीत, असे सांगितले. त्या दिवसांत आपल्या वर्गातही दोन तट पडले होते. एक म्हणे, सगळी मारून टाका. दुसरा म्हणे, एकालाही हात लावू नका. मला वाटे, या दोन्ही तटांतल्या किती जणांनी आपल्या स्वतःच्या दारातल्या कुत्र्याला यंदा लस टोचून आणली आहे?

रस्त्यावरचे प्रत्येक कुत्रे आपण टाकलेले नसते, हे खरे. पण जे आपल्या दारात आहे त्याच्यापुरते तरी आपल्या हातात बरेच काही आहे. दर वर्षी रेबीजची लस द्यावी. पिल्ले वाढवायची नसतील तर वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. सहलीला जायचे तर आधी त्याची सोय, मग आपल्या खोल्या. समुद्रावर न्यायचे तर, विशेषतः नोव्हेंबरपासून मेपर्यंत, दोरी हातातून सोडू नये. आणि यांतले काही जमणार नसेल तर पाळूच नये. न पाळण्यात काहीच कमीपणा नाही. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एक दिवस गुरांच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन गावातल्या कुत्र्यांना लस टोचण्याचा कार्यक्रम का घेऊ नये? फार खर्चाचे काम नाही. आणि त्या गावच्या एखाद्या मुलाचा जीव त्याने वाचू शकेल.

* * *

खंड्या गेला तो म्हातारपणाने. शेवटचे दोन महिने त्याला दिसत नव्हते. तरी मी महाविद्यालयातून आले की पायरीखालची शेपूट जमिनीवर आपटल्याचा आवाज येई. ज्या बाबांनी एके काळी 'उद्या सोडून येतो' म्हटले होते, त्यांनीच भर पावसात शेताच्या बांधावर खड्डा खणला. दुसऱ्या कोणाला कुदळीला हात लावू दिला नाही. संध्याकाळी आजीने देवापुढे दिवा लावला नाही. मी विचारले तर म्हणाली, "सुतक नसतंय गं त्येचं. पर हात हुईना."

यंदा डिसेंबरात बाबाच म्हणाले, "गुहागरला जाऊन येऊ." कोणी 'का' विचारले नाही. पहाटे आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. लाटा आल्या, मागे गेल्या. त्यांना हाकलायला कोणी नव्हते. लांबवर एक माणूस जाळीचे कुंपण बांधताना दिसला. तेच कासवमित्र, केस आता पांढरे झाले आहेत. त्यांनी आम्हांला ओळखले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि विचारले, "तुमच्याबरोबर एक पिवळं कुत्रं होतं ना? कुठंय ते?"

बाबा म्हणाले, "गेला. आषाढात."

त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. डोक्याचा मफलर काढला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "वाईट झालं हो. हुशार होता. माझ्याआधी घरटं शोधलंन त्यानं."

बाबांनी समुद्राकडे तोंड फिरवले. आजी पदराने डोळे पुसत होती. खंड्या गेल्यापासून पाच महिन्यांत आमच्या घराला भेटायला आलेले ते पहिले माणूस. ज्याचे आमच्या कुत्र्याने नुकसान केले होते ते. त्यांना माणूस आणि कुत्रा यांतला फरक कळत नव्हता असे थोडेच आहे? पण कोणाच्या तरी घरातले कोणी तरी गेले आहे, एवढे त्यांना कळत होते.

कॅन्टीनमधल्या त्या दिवशी मी हसले याची मला लाज वाटते. दोरी सोडली याची वाटते. पेट्रोल पंपावर त्याला तीन दिवस बसवून ठेवले याची तर फारच वाटते. पण दोन दिवस मी घरी बसून रडले याची आता वाटत नाही. ही घटना जुनी झाली, तरी यापुढे कोणी विचारले, "तेव्हा दोन दिवस कुठे होतीस?" तर मी अडचण-बिडचण काही सांगणार नाही. सरळ सांगेन, आमचा खंड्या गेला होता.